हयात चित्रकारांचं संग्रहालय

चित्रकार हयात असताना त्याचं चित्र सरकारी संग्रहालयात लागावं, ही कल्पना जेमतेम दोनशे वर्षांची आहे. पॅरिसचं लूव्र 1793 मध्ये लोकांसाठी उघडलं, ते होऊन गेलेल्या थोरांसाठी. हयात कलावंतांसाठी अठराव्या लुईने 1818 मध्ये पॅरिसच्याच लक्झेंबर्ग राजवाड्यात वेगळं संग्रहालय काढलं. या प्रकारचं ते पहिलं मानलं जातं. चित्रकार जाऊन दहाएक वर्षं झाली की त्याच्या कामाचा पुन्हा विचार व्हायचा. कसाला उतरलेलं लूव्रला जायचं, उरलेलं प्रांतातल्या संग्रहालयांत नाहीतर सरकारी कचेऱ्यांत.

व्यवस्था चांगली होती, पण निवड सरकारदरबारी वजन असलेल्यांच्या हातात होती. त्यामुळे एदुआर माने 1883 मध्ये वारला तेव्हा लक्झेंबर्गमध्ये त्याचं एकही चित्र नव्हतं.

त्याचं ‘ऑलिम्पिया’ 1865 च्या सरकारी प्रदर्शनात लागलं तेव्हा पॅरिस खवळलं होतं. पलंगावर पहुडलेली विवस्त्र बाई, गळ्यात काळी फीत, पायाशी शेपटी उभारलेलं काळं मांजर, आणि पुष्पगुच्छ घेऊन आलेली कृष्णवर्णीय दासी. बाई लाजत नाही, सरळ आपल्याकडे बघते. लोकांना झोंबली ती ही नजर, असं मला वाटतं. चित्र विकलं गेलंच नाही. 1889 मध्ये ते अमेरिकेला जाणार अशी कुणकुण चित्रकार क्लोद मोनेला लागली आणि त्याने वर्गणी सुरू केली. तो स्वतः तेव्हा काही गडगंज नव्हता, तरी महिनोन्‌महिने पत्रं लिहीत राहिला. देगा, रोदाँ, पिसारो या कलावंतांनी पैसे दिले. मानेची बाजू एकेकाळी हिरिरीने मांडणाऱ्या लेखक एमिल झोलाने मात्र नकार दिला. सुमारे वीस हजार फ्रँक जमले, मानेच्या विधवेला पोचले, आणि 1890 मध्ये चित्र देशाच्या मालकीचं झालं. तेही लक्झेंबर्गपुरतं. लूव्रचं दार उघडायला 1907 साल उजाडावं लागलं, आणि पंतप्रधानपदी मोनेचा मित्र क्लेमांसो असावा लागला.

असाच दुसरा सोबती गुस्ताव कायबोत. तो स्वतः चित्रकार, शिवाय पैसेवाला. मित्रांची चित्रं कुणी घेत नसताना तो घेत राहिला. 1876 मध्येच त्याने मृत्युपत्र करून ती देशाला दिली. अट एकच: माळ्यावर टाकायची नाहीत, प्रांतात पाठवायची नाहीत. 1894 मध्ये तो गेल्यावर बराच वाद झाला आणि सरकारने साठाहून अधिक चित्रांपैकी चाळीसेक स्वीकारली.

आपल्याकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय दिल्लीत 1954 मध्ये सुरू झालं, मुंबईत 1996 मध्ये. मधल्या काळात मुंबईत हयात चित्रकारांची चित्रं घेण्याचं काम केलं एका विज्ञानसंस्थेने. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी हुसेन, आरा, हेब्बर, गायतोंडे यांची चित्रं घेतली, त्यांच्या किमती आभाळाला भिडण्याच्या कितीतरी आधी.

संग्रहालय आपणहून धावत आलं असं या कथेत फारसं दिसत नाही. त्याला आणलं ते सोबत्यांनी आणि जाणत्यांनी. म्हणून चित्रासमोर उभे राहाल तेव्हा शेजारच्या पाटीवरची शेवटची ओळही वाचा. खरेदी, देणगी की मृत्युपत्र, ते तिथे लिहिलेलं असतं. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ‘ऑलिम्पिया’च्या नोंदीत आजही मोनेच्या पुढाकाराने झालेल्या वर्गणीचा उल्लेख आहे.