ऱ्हाईनकाठची रीत

कोब्लेन्त्स या जर्मन शहराचं नाव खरं तर शहराचं नाहीच. फ्रान्समधून आलेली मोझेल इथे ऱ्हाईनला मिळते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैन्याने या बेचक्यात ठाणं बसवलं आणि जागेला म्हटलं ‘कॉन्फ्लुएन्तेस’, म्हणजे एकत्र वाहणाऱ्या. नाव अनेकवचनी, दोन नद्यांचं. तोंडोतोंडी ते झिजलं, आपल्याकडे प्रतिष्ठानचं पैठण झालं तसं. स्वित्झर्लंडमध्ये आर नदी ऱ्हाईनला मिळते तिथेही असंच झिजलेलं एक कोब्लेन्त्स आहे.

संगमावरच्या टोकाला ‘डॉइचेस एक’ म्हणतात, जर्मन कोपरा. १८९७ मध्ये तिथे सम्राट पहिल्या विल्हेल्मचा भला मोठा अश्वारूढ पुतळा बसवला, त्यामुळे नावाला देशभक्तीचा वास येतो. पण मूळ साधं आहे. १२१६ मध्ये जर्मन सरदारांच्या एका धर्मसंघाने इथे मठ थाटला, त्यांचा हा कोपरा.

मोझेल म्हणजे ‘धाकटी मोसा’. मोसा हे म्यूझ नदीचं लॅटिन नाव. जर्मन व्याकरणात मोझेल ‘ती’ आणि ऱ्हाईन ‘तो’. लोक त्याला ‘बाबा ऱ्हाईन’च म्हणतात. आपल्या ब्रह्मपुत्र नदाचा हा भाऊ. आपण लिहितो त्या ‘ऱ्हा’मधला ‘ह’ मात्र ग्रीक लेखनातून चिकटलेला; जर्मन माणूस सरळ ‘राईन’ म्हणतो.

ऱ्हाईनचं केल्टिक नाव ‘रेनोस’. त्याच्या मुळाशी वाहण्याचा अर्थ असलेला फार जुना धातू आहे. संस्कृतात तोच ‘री’. ऋग्वेदात ‘रीति’ म्हणजे प्रवाह, धार. पुढे पाणी जसं वाहतं तशी माणसांची वागण्याची वाट ठरली, आणि आपल्या घरात रीत आली, पाठोपाठ रीतभात. लग्नात ‘आमच्यात अशी रीत नाही’ असं ठणकावणाऱ्या आत्याबाई नकळत ऱ्हाईनच्या भाऊबंदकीतलं बोलत असतात.

भाऊबंदकीवरून आठवलं. लॅटिनमध्ये याच धातूपासून ‘रीवुस’ झाला, म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी घेणारा शेजारी तो ‘रीवालिस’. इंग्रजीतला ‘रायव्हल’ तिथूनच आला. याच ऱ्हाईनच्या काठासाठी फ्रान्स आणि जर्मनी शतकानुशतकं भांडले. आणि पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून रात्री दोन वाजता कंदील घेऊन बांधावर उभे राहिलेले दोन शेतकरी ज्याने पाहिलेत, त्याला शेजाऱ्याचा वैरी कसा झाला हे कोशात शोधावं लागत नाही.