नारू : क्ष-किरण चित्रणातील अवशेष

नारू हा ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस या गोल कृमीमुळे होणारा रोग असून मराठीत रोग व कृमी या दोहोंनाही नारू हेच नाव आहे. भारतातील अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. रोग नाहीसा झाला, तरी त्याची खूण अनेकांच्या शरीरात राहून गेली. शरीरातच मेलेल्या कृमीवर कॅल्शियम लवणे साचतात, त्याचे कॅल्सीभवन होते आणि तो क्ष-किरण चित्रात आयुष्यभर दिसत राहतो. पाय मोडला किंवा गुडघा दुखू लागला म्हणून काढलेल्या चित्रात हाडाशेजारी अनपेक्षितपणे दिसणारी पांढरी नागमोडी रेषा हे त्याचे नेहमीचे रूप होय. दोन पिढ्यांपूर्वी नारूग्रस्त भागात काम केलेल्या डॉक्टरांना ती ओळखण्यास सायास पडत नसत. आता तिची गणना दुर्मिळ निदानांत करावी लागते.

नारूच्या जीवनचक्रात पाणी व माणूस यांचा दुहेरी संबंध येतो. मादी सु. ६० ते १०० सेंमी. लांब व दीड ते दोन मिमी. जाड असते, नर अवघा काही सेंमी. लांबीचा असून तो मीलनानंतर मरतो. सायक्लोप्स नावाच्या सूक्ष्म कवचधारी जलचर प्राण्यात कृमीचे डिंभ वाढतात. असे पाणी न गाळता प्यायल्यास डिंभ आतड्यातून शरीरात शिरतात. सु. एक वर्षाने पूर्ण वाढलेली मादी त्वचेखाली, बहुधा पायाच्या खालच्या भागात येते आणि तेथे फोड उठतो. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो, फोड फुटतो व मादी हजारो डिंभ पाण्यात सोडते. बाहेर आलेला कृमी काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढण्याची रीत फार जुनी आहे. ओढताना तो तुटला, तर जखम चिघळून माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळत असे. भावप्रकाश या सोळाव्या शतकातील वैद्यकीय ग्रंथात या रोगाचे वर्णन स्नायुक या नावाने आलेले आहे.

प्रत्येक मादी बाहेर येतेच असे नाही. काही वाट चुकून मांडीच्या, पोटाच्या वा छातीच्या भिंतीच्या ऊतकांत मरतात, तर काही पायापर्यंत येऊनही त्वचा न फोडताच मरतात. मेलेला कृमी एकतर शोषला जातो, नाहीतर त्याच्याभोवती तंतुमय वेष्टन तयार होऊन कॅल्शियम साचते. जिवंत कृमीची घनता भोवतालच्या मऊ ऊतकांएवढीच असल्याने साध्या क्ष-किरण चित्रात तो दिसत नाही. म्हणजे क्ष-किरणांनी नारू दिसतो तो रोग संपल्यानंतरच. उपचाराच्या दृष्टीने या चित्राचा उपयोग त्यामुळे मर्यादित होता आणि रोग सर्वत्र असतानाच्या काळात वैद्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही, यात नवल नाही.

चित्रातील आकार कृमी कोठे मेला यावर अवलंबून असतो. सैल ऊतकांत तो लांब, अखंड, दोरीसारखा किंवा वेटोळे घातलेला दिसतो. स्नायूंमध्ये मेलेला असल्यास स्नायूंच्या सततच्या हालचालींनी कॅल्सीभूत कृमीचे तुकडे पडतात व ओळीने मांडलेल्या मण्यांसारखे चित्र दिसते. वेटोळ्याचे असे तुकडे झाले म्हणजे साखळीच्या चिलखताचा भास होतो. मॉरिस रीडर व फिलिप पामर यांच्या उष्ण कटिबंधीय रोगांच्या क्ष-किरण चित्रणावरील ग्रंथाने (१९८१) अशा चित्रांची ओळख या विषयाच्या विद्यार्थ्यांना करून दिली.

निदानातील खरी अडचण साम्य असलेल्या इतर छायांमुळे उद्भवते. रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम साचल्यास दोन समांतर रेषा दिसतात व त्या रोहिणीच्या ठराविक मार्गानेच जातात. नारूची रेषा असा कोणताही मार्ग पाळत नाही. नीलेतील खडे वाटोळे असून त्यांचा मध्यभाग बहुधा फिकट असतो. पोटाच्या भिंतीतील नारूचा तुकडा मूत्रवाहिनीतील खड्यासारखा भासू शकतो, तर छातीच्या भिंतीतील वेटोळे फुप्फुसातील छाया म्हणून वाचले जाण्याचा संभव असतो. अशा वेळी बाजूने घेतलेले दुसरे चित्र प्रश्न सोडविते. सर्वांत महत्त्वाचा फरक फीतकृमीच्या डिंभांमुळे होणाऱ्या सिस्टिसर्कोसिस या रोगाशी करावा लागतो. त्यातील छाया तांदळाच्या दाण्यासारख्या असतात, अनेक असतात आणि स्नायुतंतूंच्या दिशेने मांडलेल्या असतात. कॅल्सीभूत नारू बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. याउलट सिस्टिसर्कोसिसमध्ये मेंदूतही डिंभ असण्याची शक्यता असल्याने पुढील तपासणी आवश्यक ठरते. एकाला दुसरे समजणे, मग ते कोणत्याही बाजूने असो, रोग्याला महाग पडते. नारूच्या रेषेला अर्बुदाची खूण समजून शस्त्रक्रियेने तुकडा काढणेही तितकेच अनावश्यक होय. सांध्यालगत मेलेल्या कृमीमुळे सांधा आखडला असेल, तर मात्र तो शस्त्रक्रियेने काढण्याचा विचार करावा लागतो.

या छायेचा अर्थ लावताना रोगी लहानपणी कोठले पाणी प्याला हे विचारणे भाग पडते आणि येथे वैद्यक व स्थानिक इतिहास एकत्र येतात. दख्खनच्या पठाराचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. पुणे जिल्ह्यातील सुपे, बारामती, इंदापूर या पट्ट्यात वर्षाला सु. ५०० मिमी. च्या आसपास पाऊस पडतो व तोही बेभरवशाचा. नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बारामती व इंदापूरच्या नदीकाठच्या जमिनी भिजू लागल्या. सुप्याचा माळ मात्र कालव्याच्या वर राहिला व जिराईतच राहिला. १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्धच्या दंग्यांना सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली, त्यामागील हलाखीही याच कोरडवाहू शेतीची होती. अशा मुलखात उन्हाळ्यात पाण्याचे साठे आटत आणि उरलेल्या थोड्या पाण्यावर सारे गाव अवलंबून राही.

नारूच्या दृष्टीने विहिरीचा प्रकार निर्णायक असे. पोहऱ्याने पाणी शेंदण्याच्या वा मोटेच्या विहिरीत माणसाचा पाय पाण्याला लागत नाही, म्हणून तेथे नारूचे चक्र चालू राहत नाही. बारव किंवा पायविहिरीत मात्र घागर भरणारा पायऱ्या उतरून घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहतो. त्याच्या पायावर फोड असेल, तर डिंभ तेथेच पाण्यात पडतात आणि तेच पाणी घरोघर जाते. पाणी खाली गेले की सायक्लोप्सही थोड्या पाण्यात दाट होतात. पुण्यकर्म म्हणून बांधलेल्या, शिल्पदृष्ट्या देखण्या बारवा या रोगाच्या प्रसाराला सर्वांत सोयीच्या ठराव्यात, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

सायक्लोप्सचा या रोगातील वाटा रशियन निसर्गवैज्ञानिक अलेक्सी फेडचेंको यांनी तुर्कस्तानात १८७० च्या सुमारास दाखवून दिला होता. त्याचा पाठपुरावा मुंबईत झाला. परळच्या जीवाणुशास्त्र प्रयोगशाळेतील (पुढे हाफकिन संस्था) डब्ल्यू. ग्लेन लिस्टन व डी. ए. तुरखुड यांनी १९१४ च्या सुमारास मुंबई शहरातील विहिरी व नारू यांचा अभ्यास केला. संसर्गित सायक्लोप्स पोटात गेल्याने माणसाला नारू होतो, हे तुरखुड यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींवरील प्रयोगाने दाखविले. याच सुमारास मलेरियाच्या डासांसाठी शहरातील विहिरी झाकण्याची वा बुजविण्याची मोहीम सुरू होती. विहिरींशी निगडित धार्मिक भावनांमुळे तिला विरोध झाला. शेजारच्या म्हैसूर संस्थानात व्ही. एन. मूर्ती व डब्ल्यू. सी. स्वीट यांनी १९३० नंतरच्या दशकात पायविहिरींत सायक्लोप्स खाणारे मासे सोडण्याचे प्रयोग केले.

खेड्यांत निर्णायक बदल घडला तो औषधाने नव्हे. नारूवर गुणकारी औषध वा लस आजतागायत निघालेली नाही. कठीण खडक फोडणारी वेधन यंत्रे आली, कूपनलिका झाल्या आणि त्यांवर हातपंप बसले. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रात या कामाला गती दिली. जुने ओतीव लोखंडाचे पंप वरचेवर मोडत. त्यांऐवजी सोलापूर येथे तयार झालेला पोलादी पंप टिकाऊ ठरला व पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप त्याच्याच आराखड्यावरून विकसित करण्यात आला. हातपंपाच्या पाण्यात कोणी पाय बुडवू शकत नाही. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्यात पायविहिरींचे रूपांतर शेंदण्याच्या विहिरींत करणे, पाणी दुपदरी कापडाने गाळून घेणे, पाण्यात टेमेफॉस हे रसायन टाकणे आणि गावोगाव रोग्यांचा शोध घेणे यांवर भर होता. १९८४ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सु. ४०,००० रोगी नोंदले गेले. पुढील १२ वर्षांत ही संख्या शून्यावर आली.

या नोंदींना एक मूलभूत मर्यादा होती. ज्याच्या त्वचेतून कृमी बाहेर आला, तोच रोगी म्हणून मोजला गेला. कृमी आतच मेला, तर त्या व्यक्तीलाही संसर्गाचा पत्ता नसे. अशांचा पुरावा केवळ क्ष-किरण चित्रात उरतो. ‘मला नारू कधीच झाला नाही’ असे रोग्याने सांगितले, तरी छाया नारूचीच असू शकते ती यामुळे. परंतु हा पुरावाही पद्धतशीर गोळा झाला नाही. भारतात क्ष-किरणांचा वापर १८९७-९८ च्या सरहद्दीवरील मोहिमेत वॉल्टर बीव्हर या लष्करी शल्यचिकित्सकांनी जखमी सैनिकांवर केला होता, पण खेड्यातील माणसाच्या वाट्याला ही सोय फार उशिरा आली. क्षयरोगाच्या राष्ट्रीय पाहणीत (१९५५–५८) सामूहिक क्ष-किरण चित्रण झाले, ते छातीचे. नारू मुख्यतः पायात असतो.

चित्रावरून संसर्गाचा काळ ठरविता येत नाही. कॅल्सीभूत कृमी दहा वर्षांपूर्वीचा की पन्नास, हे छायेवरून सांगता येत नाही. रोग्याचे वय मात्र उपयोगी पडते. १९९६ नंतर जन्मलेल्या व भारताबाहेर न गेलेल्या व्यक्तीत तशी रेषा दिसल्यास दुसरे कारण शोधणे इष्ट ठरते. जिराईत खेड्यात बालपण गेलेल्या वृद्धात ती दिसल्यास बहुधा पुढील तपासणीची गरज नसते. रोग्याला आश्वासन देणे व अहवालात स्पष्ट नोंद करणे पुरेसे होते. क्रमवीक्षण व स्तनांचे क्ष-किरण चित्रण यांचा वापर वाढल्याने अशा छाया पूर्वी न पाहिलेल्या जागीही आढळतात आणि त्या वाचणारे तज्ञ बहुधा जिवंत नारू कधीही न पाहिलेले असतात.

आफ्रिकेतील काही देशांत रोग अद्याप पुरता संपलेला नाही. १९८६ मध्ये जगात दरवर्षी सु. ३५ लाख लोकांना नारू होतो असा अंदाज होता. २०२४ मध्ये केवळ १५ रोगी नोंदले गेले. चॅडमध्ये मात्र २०१२ पासून कुत्र्यांत संसर्ग आढळू लागल्याने निर्मूलन लांबले. पुण्यासारख्या शहरांत शिक्षणासाठी येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या बाबतीत वयाचा वरील निकष म्हणूनच लागू पडत नाही.