कालवे व पाटचाऱ्या यांचे गुरांपासून संरक्षण (बुलढाणा जिल्हा)

धरणाचे पाणी शेतापर्यंत पोहोचविणारे कालव्यांचे व चाऱ्यांचे मातीचे भराव गुरांच्या खुरांनी, अनिर्बंध चराईने आणि म्हशींच्या डुंबण्याने खचू नयेत यासाठी योजावयाच्या उपायांचा समावेश या विषयात होतो. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेचा घाटमाथा अशा दोन भिन्न प्रदेशांनी बनलेल्या बुलढाणा जिल्ह्यात नळगंगा, ज्ञानगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा इत्यादी प्रकल्पांचे पाणी अशाच भरावांच्या आधारे वाहत असल्यामुळे या प्रश्नास तेथे विशेष महत्त्व आहे.

वऱ्हाडची काळी माती माँटमोरिलोनाइट या खनिजामुळे भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. त्यामुळे ओल्या काठावर खूर सहज रुतते, आणि रुतल्या जागी पडलेला खळगा वाळला की त्याच्या कडेने भेग खाली उतरते. म्हशी ज्या ठिकाणी रोज पाण्यात उतरतात तेथे भरावाचा माथा प्रथम बशीसारखा खोलगट होतो, आतील उतार ढासळून तळाशी गाळ साचतो, आणि पुढील आवर्तनात (पाणी सोडण्याच्या पाळीत) पाण्याची पातळी चढताच त्या सखल माथ्यावरून एक बारीक धार बाहेर पडून काही तासांत भगदाड करते. हरळीच्या मुळांनी बांधून धरलेला काठ मेंढ्या-शेळ्यांनी हरळी मुळासकट खाऊन उघडा केला, तर पहिल्याच वळवाच्या पावसात त्याच्यावर घळी पडतात. या हानीचा मोठा भाग कालवा कोरडा असताना होतो: रब्बीची पिके निघाल्यावर ढोरे मोकाट सोडली जातात, तेव्हा कोणी लक्ष देत नाही, आणि त्याचा परिणाम पुढील हंगामात पाण्याची पाळी चुकलेल्या टेलच्या (चारीच्या शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्यास भोगावा लागतो.

कायद्याची तरतूद जुनी आहे. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या अधिनियमाने पिकांची नासाडी करणाऱ्या गुरांप्रमाणेच कालवे व बंधारे यांची नासाडी करणारी गुरेही पकडून कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार त्या कामांवर नेमलेल्या व्यक्तींस दिला. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 यानेही नियमांविरुद्ध कालव्याच्या काठावरून जनावरे नेणे हा अपराध ठरविला. परंतु कोंडवाड्याने प्रश्न सुटेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. चैत्र-वैशाखात नाले आटले, ई-क्लास म्हणून नोंदलेली चराईची जमीन अतिक्रमणाने आक्रसली आणि गावच्या हाळात (गुरांच्या पाण्याच्या हौदात) पाणी उरले नाही, म्हणजे तहानलेले ढोर पाटाकडेच जाणार. ढोरक्याला दंड केल्याने ढोराची तहान भागत नाही.

म्हणून खरा उपाय म्हणजे गुरांना वाट आणि पाणी देणे होय. गावातून आखराकडे (गुरे गोळा करण्याच्या जागेकडे) व गायरानाकडे जाणारी पूर्वापार वाट कालवा जेथे ओलांडतो, तेथे मोरी किंवा पूल हवा. तो नसेल तर भरावाच्या दोन्ही अंगांस दगडी फरसबंदीचा सौम्य उतार करून गुरांची जागा निश्चित करावी, आणि शक्य तेथे कालव्यातून नळी काढून भरावापासून दूर हाळ बांधावा. उतार मुद्दाम रुंद ठेवावा, कारण अरुंद वाटेवर गुरांची रेटारेटी होऊन कडा पुन्हा तुटतात. उरलेल्या काठावर हरळी लावून बाहेरील पायथ्याशी घायपाताचे कुंपण करावे. काटेरी तार महाग पडते व चोरीस जाते. शेतचाऱ्यांवर ढोरांच्या ओलांडणीपुरती सिमेंटची नळी पुरून वर मुरूम दाबला, तरी पुरेसे होते.

ही कामे सांभाळण्यास पाटकऱ्याची एकट्याची नजर पुरत नाही. सिंचन व्यवस्थापनाविषयीच्या 2005 च्या अधिनियमाखाली स्थापन झालेल्या पाणीवापर संस्थांनी आवर्तनापूर्वी चारीची पाहणी करताना गुराख्यांस बरोबर घ्यावे, कारण ढोरे नेमकी कोठे उतरतात हे त्यांच्याइतके कोणासही ठाऊक नसते. हंगामी मुक्कामास येणाऱ्या मेंढपाळांशीही मुक्कामाची जागा आधीच ठरवून घ्यावी.

अलीकडे उघड्या चाऱ्यांऐवजी जमिनीखालील बंद नलिकांचा अवलंब होऊ लागला आहे. त्यामुळे भराव तुटण्याचा प्रश्न मिटतो, पण पाटावर पाणी पिणाऱ्या गुरांचे पाणीही त्याबरोबर नाहीसे होते. म्हणून नलिकेच्या आराखड्यातच प्रत्येक गावासाठी एक हाळ व त्यासाठी स्वतंत्र झडप धरली पाहिजे.