शत्रूचा चेहरा आणि नायकाचें मन

नाटक-कादंबरीची परीक्षा करतांना आपल्याकडील टीकाकार सर्वांत आधीं स्वभावपरिपोषाची विचारपूस करतो. पात्र आरंभीं कसें होतें, शेवटीं कसें झालें, आणि तें तसें कां झालें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे त्याचें समाधान होतें. परंतु हाच टीकाकार अंतराळयानें, यंत्रमानव आणि परग्रहांवरील प्राणी यांनीं भरलेल्या साहसपटांकडे वळला म्हणजे हे तिन्ही प्रश्न बाजूस ठेवतो. तेथें डोळे दिपविणारे देखावे असावे, पाठलाग असावे, स्फोट असावे. मन शोधावयास तेथें कोण जातो, अशी त्याची समजूत असते. घरांतील वडील माणसेंहि मुलांच्या या आवडीकडे अशाच क्षमाशील दृष्टीनें पाहतात. आम्हांस ही समजूत अपुरी वाटते. या चित्रपटांचा सुमारें सव्वाशें वर्षांचा इतिहास क्रमानें पाहिला तर त्यांतहि स्वभावविकासाची एक निश्चित वाट दिसते. मात्र त्या वाटेवरील टप्पे नायकाकडे पाहून नव्हे, तर त्याच्या शत्रूकडे पाहून मोजावे लागतात. शत्रूला जसजसा चेहरा येत गेला, तसतसें नायकाला मन येत गेलें, हें आमचें म्हणणें आहे.

आरंभ मूकपटापासून करूं. १९०२ सालीं झॉर्झ मेल्येस या फ्रेंच जादूगारानें चंद्राच्या सफरीचा चित्रपट काढला. त्याची लांबी पाव तासाच्या आसपास. कांहीं पंडित एका पोकळ तोफगोळ्यांत बसतात, तोफ डागली जाते, आणि गोळा चंद्राच्या डोळ्यांत जाऊन रुततो. पंडितांच्या म्होरक्याचें काम स्वतः मेल्येसनेंच केलें होतें. चंद्रावर त्यांची तेथील रहिवाशांशीं गांठ पडते, आणि छत्रीचा तडाखा बसतांच चंद्रवासी धुराचा लोट होऊन नाहींसा होतो. ही युक्ति त्या काळीं नवलाची होती. पण तिच्या पोटांत एक गोष्ट दडलेली आहे. शत्रूचें प्रेत मागें उरत नाहीं, म्हणून मारणाऱ्याला क्षणभरहि थबकावें लागत नाहीं. पंडित जसे गेले तसेच परत येतात, आणि त्यांचा सत्कार होतो. ज्याला मारलें तो कोणीच नव्हता. मग मारणाऱ्याला तरी कोणी होण्याची गरज काय?

१९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटांत फ्रित्झ लांग यानें माणसाच्या बदलाचा प्रश्न गंभीरपणें हातीं घेतला. त्यांतील नायक फ्रेडर हा नगराधिपतीचा लाडका मुलगा. जमिनीखालीं राबणाऱ्या कामगारांचे हाल पाहून तो हबकतो, आणि थकून कोसळूं लागलेल्या एका कामगाराच्या जागीं यंत्रापुढें स्वतः उभा राहतो. येथें बदलाला सुरुवात झाली खरी. पण शत्रु म्हणून जी यंत्रस्त्री उभी केली आहे तिचा चेहरा उसना आहे. साध्वी मारियाचें रूप तिला चढविलेलें आहे, आणि दोन्ही भूमिका ब्रिगिटे हेल्म या एकाच नटीनें केल्या आहेत. शेवटीं तिला जाळतात तेव्हां आंतील धातूचें शरीर उघडें पडतें, आणि तिच्यासाठीं हळहळण्याचें कारण कोणालाच उरत नाहीं.

अशी हळहळ लावली ती १९३३ सालच्या 'किंग काँग' या अमेरिकन बोलपटानें. विलिस ओब्रायन या कारागिराच्या देखरेखीखालीं सुमारें हातभर उंचीच्या बाहुल्या तसूतसूनें हलवून, प्रत्येक हालचालीचें स्वतंत्र चित्र घेऊन, हा अजस्र वानर जिवंत केला गेला. न्यूयॉर्कमधील एम्पायर स्टेट इमारतीच्या शिखरावर विमानांच्या गोळ्यांनीं घायाळ झाल्यावर तो हातांतील तरुणीला शेवटचें न्याहाळतो, तिला जपून खालीं ठेवतो, आणि मग कोसळतो. त्याला त्याच्या बेटावरून पकडून आणणारा डेनहॅम मात्र अखेरपर्यंत होता तसाच राहतो, आणि प्रेताशेजारीं उभा राहून दोष दुसऱ्याच्या माथीं मारतो. या चित्रपटांत मन होतें. पण तें माणसांजवळ नसून वानराजवळ होतें.

माणसांना मन येण्यास इतका विलंब कां लागला, याचें एक कारण धंद्याच्या रीतींत सांपडतें. १९३६ सालीं युनिव्हर्सल कंपनीनें 'फ्लॅश गॉर्डन' ही तेरा भागांची चित्रमालिका काढली. नायकाचें काम बस्टर क्रॅब यानें केलें. १९३२ च्या ऑलिंपिक सामन्यांत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलेला हा गडी. अशा मालिका आठवड्याला एक भाग याप्रमाणें दाखवीत. प्रत्येक भागाच्या शेवटीं नायक मृत्यूच्या दाढेंत सांपडे, आणि पुढच्या भागाच्या आरंभीं तेथून सुटे. अशा कथेंत नायकानें बदलून चालत नाहीं. तिसरा भाग चुकलेल्या मुलाला चौथ्या भागांत तोच फ्लॅश भेटला पाहिजे, आणि मिंग बादशहाहि पूर्वीइतकाच दुष्ट सांपडला पाहिजे. न बदलणें हा येथें पात्राचा दोष नव्हता. ती मालाची अट होती. ही अट पुढेंहि सुटली नाहीं, हें आपण शेवटीं पाहूं.

दुसऱ्या महायुद्धानें आणि अणुबाँबनें ज्ञानाची भीति माणसाच्या घरांत आणून सोडली. त्यानंतर पडद्यावरील शत्रूहि माणसाच्या अगदीं जवळ आला. १९५६ सालच्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटांत मॉर्बियस नांवाचा विद्वान एका निर्जन ग्रहावर आपल्या मुलीसह राहत असतो. त्या ग्रहावरील क्रेल नांवाच्या महाज्ञानी जमातीनें विचाराला प्रत्यक्ष रूप देणारें एक प्रचंड यंत्र बांधलें होतें. परंतु विचारांबरोबर त्यांच्या मनाच्या तळाशीं दडलेला द्वेषहि रूप घेऊन उठला, आणि एका रात्रींत ती जमात नामशेष झाली. पृथ्वीवरून आलेल्या यानावर हल्ले करणारा अदृश्य राक्षस मॉर्बियसच्याच अंतःकरणांतून निघाला आहे, असा शेवटीं उलगडा होतो. आपल्याकडे ज्यांना षड्रिपु म्हणतात, त्यांनाच येथें शरीर मिळालें आहे. हें सत्य कबूल करणें मॉर्बियसला जिवावर येतें; पण तें कबूल केल्याखेरीज त्याची मुलगी वांचत नाहीं. शत्रूच्या चेहऱ्यांत स्वतःचा चेहरा पाहावा लागण्याचा प्रसंग या चित्रपटांत फार स्पष्टपणें आला.

पुढें बारा वर्षांनीं, १९६८ सालीं, स्टॅन्ली कुब्रिक यानें '२००१: ए स्पेस ओडिसी' या चित्रपटांत हीच गोष्ट यंत्राच्या बाबतींत केली. त्यांतील अंतराळवीर जवळजवळ निर्विकार स्वरांत बोलतात. हॅल नांवाचें गणकयंत्र मात्र अभिमानी आहे, संशयी आहे, आणि जिवाला जपणारें आहे. तें माणसांचे प्राण घेतें, आणि उरलेला अंतराळवीर बोमन त्याची स्मृति एकेक कप्पा काढून बंद करूं लागतो, तेव्हां आपल्याला भीति वाटते असें तें सांगूं लागतें. बोमन थांबत नाहीं, त्यानें थांबूं नये हेंहि आपल्याला पटतें. पण मेल्येसच्या छत्रीची सहजता येथें साफ संपलेली आहे.

इतकें झालें तरी ज्याच्यामागें प्रेक्षक टाळ्या वाजवीत जातो तो साहसी नायक अजून बदलला नव्हता. तें काम 'स्टार वॉर्स' या चित्रत्रयीनें केलें. जॉर्ज लुकस याला मुळांत फ्लॅश गॉर्डनवरच चित्रपट काढावयाचा होता; हक्क मिळाले नाहींत म्हणून त्यानें आपली स्वतःची कथा रचली. १९७७ सालचा पहिला चित्रपट त्या जुन्या मालिकेच्या वळणावरच जातो. ल्यूक नांवाचा शेतावर वाढलेला मुलगा, काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर, एका प्रचंड किल्ल्याचा विध्वंस, आणि शेवटीं पदकदानाचा समारंभ. पंडितांच्या सत्काराचीच आठवण व्हावी. परंतु १९८० सालच्या दुसऱ्या चित्रपटांत कथेनें वळण घेतलें. ली ब्रॅकेट या लेखिकेनें लिहिलेल्या पहिल्या मसुद्यांत व्हेडर हा ल्यूकचा पिता नव्हता. ती कल्पना नंतरच्या मसुद्यांत आली. या एका बदलानें सारी कथाच पालटली. एका गुहेंत ल्यूकला व्हेडरचा आभास दिसतो; तो त्याचें डोकें उडवितो, मुखवटा फुटतो, आणि आंत स्वतःचाच चेहरा पाहून स्तंभित होतो. पुढें खऱ्या द्वंद्वांत तो हात गमावतो, आणि आपण ज्याचा सूड घेऊं पाहतों तोच आपला बाप आहे हें त्याला कळतें. १९८३ सालच्या तिसऱ्या चित्रपटांत बाप त्याच्या तावडींत सांपडतो. त्याचा तुटलेला यांत्रिक हात पाहून ल्यूक आपल्या यांत्रिक हाताकडे पाहतो, आणि शस्त्र दूर फेकून देतो. त्यानंतरच व्हेडरचा मुखवटा उतरतो, आणि आंतील म्हाताऱ्याचा खरा चेहरा प्रेक्षकांस दिसतो. बळ कमी पडलें म्हणून नव्हे, तर बळ पुरेपूर असतांना हात आवरला, येथें ल्यूक प्रौढ झाला.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, 'एलियन' मधील प्राण्याला तर डोळेहि दिसत नाहींत. तरी त्या कथांतील रिप्ले ही स्त्री या वर्गांतील सर्वांत भरीव पात्रांपैकीं एक कशी? आक्षेप रास्त आहे. परंतु १९७९ सालच्या त्या चित्रपटांत तिला खरा दगा देतो तो प्राणी नव्हे, तर ॲश नांवाचा सहकारी. तो यंत्रमानव असून, माणसें मेलीं तरी चालतील पण प्राणी हस्तगत झाला पाहिजे, हा मालक कंपनीचा हुकूम पाळीत असतो. म्हणून १९८६ सालच्या 'एलियन्स' या दुसऱ्या चित्रपटांत बिशप हा दुसरा यंत्रमानव समोर येतांच ती त्याला झिडकारते. सत्तावन्न वर्षांच्या यांत्रिक झोपेंतून ती जागी झाली आहे, आणि तेवढ्या काळांत तिची मुलगी म्हातारी होऊन वारली आहे. हा प्रसंग लांबी कमी करण्यासाठीं चित्रपटांतून गाळला होता. पुढच्या विस्तृत आवृत्तींत तो परत घातला. तो पाहिल्यावर न्यूट या अनाथ मुलीसाठीं रिप्ले एकटीच त्या प्राण्यांच्या बिळांत कां उतरते, हें सांगावें लागत नाहीं. तेथें अंड्यांजवळ बसलेली त्यांची राणी भेटते. रिप्ले अंड्यांकडे ज्वालायंत्र रोखते, आणि राणी आपल्या रक्षकांना मागें सारते. दोन आया एकमेकींना ओळखतात. पण इतक्यांत एक अंडें उघडतें, आणि रिप्ले सारीं अंडीं जाळून टाकते. चेहरा ओळखला म्हणजे दया आलीच, असा नियम नाहीं, हें येथें नमूद केलें पाहिजे. तिचा विकास दिसतो तो बिशपच्या बाबतींत: शरीराचे दोन तुकडे झाले असतांहि जो त्या मुलीला धरून ठेवतो, त्या यंत्रावर तिचा विश्वास बसतो.

या साऱ्या धाग्यांची गांठ जेम्स कॅमेरॉन याच्या 'टर्मिनेटर' चित्रपटांत पडते. १९८४ सालच्या पहिल्या चित्रपटांत सारा कॉनर ही उपाहारगृहांत काम करणारी साधी तरुणी, आणि तिला ठार करण्यास भविष्यकाळांतून आलेलें यंत्र. १९९१ सालच्या दुसऱ्या चित्रपटांत तेंच रूप घेतलेलें दुसरें यंत्र तिच्या मुलाचें रक्षण करण्यास येतें. मुलगा त्याला माणूस न मारण्याची शिकवण देतो, आणि माणसें रडतात कां हें यंत्र त्याला विचारतें. उलट सारा आतां कठोर झाली आहे. जगाचा नाश टाळावयाचा म्हणून, ज्याच्या संशोधनांतून पुढें तीं यंत्रें निपजणार त्या डायसन नांवाच्या शास्त्रज्ञाच्या घरावर ती गोळ्या झाडते. परंतु जखमी डायसन, त्याची बायको आणि मुलगा हीं समोर दिसतांच तिचा हात चालत नाहीं. दुरून तो केवळ निशाणा होता. जवळून तो कोणाचा तरी बाप आहे. यंत्र माणूस होत असतां माणूस यंत्र होण्याच्या काठावर पोहोंचला, आणि तेथून परतला.

परंतु मालिकेची जुनी अट मधूनमधून डोकें वर काढते. १९९२ सालच्या तिसऱ्या 'एलियन' चित्रपटाच्या आरंभींच न्यूट मरते, आणि रिप्लेनें जिवावर उदार होऊन मिळविलेलें सारें पुसलें जातें. पुढील साहसास तिला पुन्हां एकटी करावयाची होती. 'स्टार वॉर्स' मध्यें हान सोलो हा आपमतलबी तस्कर एका गुत्त्यांत आपल्यावर पिस्तूल रोखणाऱ्याला टेबलाखालून आधींच गोळी घालतो. १९९७ सालीं सुधारलेल्या आवृत्तींत प्रतिपक्ष आधीं गोळी झाडतो असें दाखविलें. हेतु नायकाला स्वच्छ करण्याचा असेल. परिणाम मात्र उलट झाला. वाल्या कोळ्यानें वाटसरू लुटलेच नाहींत असें कोणी पुराणिकानें सांगितलें तर नारदाच्या प्रश्नाला अर्थ काय उरेल, आणि वाल्मीकीचें मोल तें काय राहील? पहिला डाग पुसला कीं पुढच्या शुद्धीचें कौतुकहि पुसलें जातें.

आज लढण्याचीं यंत्रें केवळ पडद्यावर राहिलेलीं नाहींत, आणि दूर बसून कळ दाबणाऱ्याला समोरचा माणूस धुराच्या लोटाइतकाच दिसण्याचा संभव आहे. म्हणून या चित्रपटांकडे पोरखेळ म्हणून पाहणें आम्हांस परवडणारें वाटत नाहीं. मुलांबरोबर असा एखादा चित्रपट पाहण्याचा योग आला तर वडील माणसांनीं यान किती वेगानें गेलें हें मुलांकडून कौतुकानें ऐकावें, आणि मग एवढेंच विचारावें, कीं नायकाच्या हातीं शस्त्र आणि समोर शत्रु आला, तेव्हां त्याला तेथें कोण दिसलें? मूल या प्रश्नावर घटकाभर गप्प बसलें, तर त्या चित्रपटांत पाहण्यासारखें कांहीं होतें असें समजण्यास हरकत नाहीं.