माशाला फेपरे येते काय?

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमाने ज्या गावाला नाव दिले, त्या गावाला मासा नवा नाही. नवा आहे तो काचेच्या पेटीतला मासा. तो आता दिवाणखान्यात, दवाखान्यात, क्वचित दुकानाच्या गल्ल्याशेजारीही दिसतो. त्याच्याबरोबर एक कोडेही घरात आले आहे. काल संध्याकाळपर्यंत संथ फिरणारा मासा आज एकाएकी बाणासारखा सुटतो, काचेवर आदळतो, स्वतःभोवती गरगरतो, उताणा होऊन थरथरतो; आणि घटकाभराने काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा पोहू लागतो. घरातले एखादे वडीलधारे माणूस म्हणते, "याला फेपरे आले." मुले हसतात. आमच्या मते हा शब्द हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्यामागे बराच मोठा इतिहास आहे.

माशाला झटका येतो ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी मासे मारणारांना ठाऊक होती. सह्याद्रीच्या आणि कोकणच्या रानात काकमारी नावाची वेल होते. तिची फळे कुटून डोहात टाकली की मासे प्रथम सैरावैरा धावतात, मग वेटोळे घेत फिरतात, शेवटी उलटे होऊन वर तरंगतात. मग ते हातानेही धरता येतात. पकडणाराला ही 'गुंगी' वाटे. परंतु ती गुंगी नव्हती, आचके होते. ही पद्धत इतकी सर्रास चालत होती, की १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यात पाण्यात विष कालवून मासे मारण्याविरुद्ध वेगळे कलम घालावे लागले. सुरुंगाच्या दारूने मासे मारण्याविरुद्धचे कलम त्याच्या शेजारीच आहे.

याच फळातून बुले या फ्रेंच रसायनज्ञाने १८१२ साली पिक्रोटॉक्सिन नावाचे कडू द्रव्य वेगळे केले. ते जनावराला दिले असता त्याला आचके येतात, हे लौकरच कळले. का येतात, हे कळायला मात्र शतकाहून अधिक काळ गेला. १९५० साली मेंदूत 'गॅबा' हे द्रव्य सापडले. पुढे असे उलगडले, की मज्जापेशींच्या धावपळीला लगाम घालण्याचे काम हे द्रव्य करते आणि काकमारीचे विष नेमका तोच लगाम तोडते. लगाम तुटला की पेशी एकदम उधळतात. त्या उधळण्याचे बाहेरून दिसणारे रूप म्हणजे झटका. हा लगाम माशाच्या मेंदूत आहे, बैलाच्या आहे आणि आपल्याही आहे.

एवढे कळल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवण्याच्या आपल्याकडील उपचाराला काय म्हणावे? चरकसंहितेच्या निदानस्थानात अपस्माराला स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात त्याचे प्रकार वात, पित्त, कफ यांवरून पाडले आहेत. म्हणजे जुन्या वैद्याने ज्याला रोग म्हणून ओळखले, त्याला आम्ही चपलेपर्यंत आणून ठेवले. फेपरे येणाऱ्या मुलीचे लग्न मोडते, मुलाला शाळेत वेगळे बसवतात. माशाला निदान हे भोगावे लागत नाही. असो.

आता काचेच्या पेटीकडे वळू. तिथे कुणी काकमारी टाकलेली नसते. मग झटका कशाचा? लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० च्या सुमारास एका भांड्यात दोन सोनेरी मासे, एक पाणवनस्पती आणि सडका पाला खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवल्या, आणि पाणी न बदलताही हा संसार चालतो असे दाखवले. त्याला वनस्पती दिसल्या. खरा कारभार करणारे जंतू त्याला दिसणे शक्य नव्हते. ते १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्कीने ओळखले. मासा आपल्या कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. हे जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. नव्या पेटीत त्यांची वसाहत बसायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचतो, आणि तो थेट माशाच्या मज्जासंस्थेवर घाला घालतो: मासा बिचकतो, उसळतो, आचके देतो. पाणी अल्कधर्मी असेल आणि उन्हाळा असेल तर त्याचा विषारी अंश वाढतो. आपल्या काळ्या दगडातल्या विहिरींचे जड पाणी आणि आपला वैशाख यांचा विचार करता ही गोष्ट इथल्या माणसाने विशेष ध्यानात घ्यावी. आणि आपण करतो काय? मासा तडफडला की पेटी रिकामी करून, वाळूसकट घासूनपुसून, नळाचे ताजे पाणी भरतो. त्या घासण्यात जंतू जातात आणि ताज्या पाण्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो. त्यापेक्षा पाव हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी दिवसभर उघडे ठेवावे किंवा त्यात छायाचित्रकारांचा जुना 'हायपो' किंचित टाकावा. गरगरणारा प्रत्येक मासा मात्र फेपऱ्याचा नसतो. वाताशय बिघडला तरी तो तोल जाऊन उलटा होतो.

याच पेटीतल्या एका स्वस्त माशाने पुढे मोठे काम केले. अंगावर निळे पट्टे असलेला हा झेब्रामासा मूळचा आपल्याच देशातला. कंपनी सरकारचे डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. शौकिनांच्या हौदांतून तो अमेरिकेत गेला. ओरेगॉन येथे जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत घेतले. त्यांचा गाजलेला निबंध १९८१ चा. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कॉट बराबान यांच्या प्रयोगशाळेने सात दिवसांच्या पिलांच्या पाण्यात एक औषध मिसळले. पिले आधी जोरात पोहू लागली, मग भोवऱ्यासारखी फिरली, मग आचके देऊन कलंडली. काकमारीच्या डोहातल्याच या तीन पायऱ्या. औषधही त्याच गॅबाचा लगाम तोडणारे होते.

ड्राव्हे नावाचा एक दारुण अपस्मार तान्ह्या बाळांना होतो. १९७८ साली शार्लट ड्राव्हे या फ्रेंच डॉक्टरीणबाईंनी तो वेगळा ओळखला. त्यात बहुतेक रुग्णांच्या ज्या जनुकात दोष असतो, त्याच्याच जोडीच्या जनुकात दोष असलेली झेब्रामाशाची पिले बराबान यांच्या चमूने घेतली. त्यांना बाहेरून काहीही न देता झटके येत. ३२० औषधे त्यांच्यावर एकेक करून तपासली, तेव्हा क्लेमिझोल या औषधाने झटके थांबलेले दिसले. हे औषध मुळात ॲलर्जीवरचे, विसाव्या शतकाच्या मध्यावरचे, जवळजवळ विसरलेले. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे ड्राव्हेच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या.