लांब केसांच्या सशाची निगा घरी कशी राखाल? विदर्भाच्या उन्हात काय काळजी घ्यावी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीसारख्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी कापसाच्या गोळ्यासारखा दिसणारा अंगोरा ससा पाळला असेल, तर त्याला विंचरणं ही हौस राहत नाही. त्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

अंगोरा ससा मूळचा कुठला?

अंगोरा हे तुर्कस्तानातल्या अंकारा शहराचं जुनं नाव. भारतात हा ससा लोकरीसाठी मुख्यतः थंड डोंगराळ भागात पाळतात. हिमाचल प्रदेशात कुल्लू जिल्ह्यातल्या गडसा इथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या केंद्रात अंगोऱ्यावर काम चालतं.

लोकरीसाठी पाळलेल्या सशांचे केस साधारण अडीच-तीन महिन्यांनी कापले जातात. घरच्या सशाचे केसही महिन्याला २ ते ३ सेंटीमीटर वाढतात. ते कापण्याची जबाबदारी मात्र तुमची.

विंचरलं नाही तर काय होतं?

ससा अंग चाटून साफ करतो, तेव्हा गळलेले केस पोटात जातात. मांजर केसांचा गोळा उलटून टाकते, पण सशाला उलटी करताच येत नाही. त्यातच वाळलेलं गवत आणि पाणी कमी पडलं, तर आतड्यांची हालचाल मंदावते.

लेंड्या लहान होणं किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसणं, ही पहिली खूण. १०-१२ तास ससा खात नसेल किंवा लेंडी टाकत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका, डॉक्टरांना गाठा.

विंचरायचं कसं?

१. अंगोऱ्याला शक्यतो रोज विंचरा. केस गळण्याच्या दिवसांत तर चुकवूच नका.

२. ससा मांडीवर किंवा जमिनीवर टॉवेल टाकून बसवा. उचलताना मागचे पाय हाताने आधार देऊन धरा. त्याने जोरात लाथ मारली, तर त्याच्याच मणक्याला इजा होऊ शकते.

३. आधी बोटांनी गुंता सोडवा, मग रुंद दातांचा कंगवा फिरवा. कानामागे, काखेत, पोटाखाली आणि शेपटीजवळ गुंते जास्त होतात.

४. घट्ट गुंता ओढू नका. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते. गुंता आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा ठेवून वरचेच केस कापा.

५. शेपटीखालचा भाग रोज पाहा. तिथे घाण चिकटली, तर पावसाळ्यात माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत सशाचं मांस खातात.

अंघोळ घालायची का?

नाही. भिजलेला ससा घाबरतो, गारठतो आणि दाट लोकर लवकर वाळत नाही. मळलेला भाग तेवढा ओल्या कापडाने पुसा. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याचं औषध परस्पर लावू नका. त्यातलं फिप्रोनिल सशाच्या जिवावर बेतू शकतं.

उन्हाळ्यात काय करायचं?

सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. हवा ३० अंशांपलीकडे गेली की त्याला त्रास होऊ लागतो. म्हणून उन्हाळा लागण्याआधीच केस २-३ सेंटीमीटर ठेवून कापा. अगदी कातडीपर्यंत भादरू नका.

पिंजरा पत्र्याखाली ठेवू नका. घरातल्या थंड फरशीवर, कूलरच्या थेट झोताबाहेर जागा द्या. पाण्याची बाटली गोठवून, कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. ससा तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा लाळ गळत असेल, तर साध्या पाण्याने कान ओले करा आणि लगेच दवाखान्यात न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

डॉक्टर आधीच शोधा

तालुक्याच्या दवाखान्यांत मुख्यतः गाय-बैल आणि शेळ्यांवर उपचार होतात. म्हणून सशावर उपचार करणारे डॉक्टर जवळपास कोण आहेत, हे ससा घरी आणण्याआधीच विचारून ठेवा. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण मे महिन्यातल्या दुपारी तिथवरचा प्रवासही आजारी सशाला जड जातो. त्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कंगव्याला दिलेली बरी.