आटपाडीचा बिनभिंतींचा तुरुंग

जन्मठेपेच्या कैद्याला मुदतीआधी सोडायचं की नाही हे ठरण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याने त्याच्या गावी जाऊन चौकशी करायची असते. घरचे त्याला घेतील का, गावाची हरकत आहे का, आणि सुटल्यावर तो पोट कशावर भरणार? माझी सगळी नोकरी या प्रश्नांत गेली. माणदेशातल्या एका सरपंचांचं उत्तर मात्र मनातून जात नाही. "सायेब, आमची कुनाची हरकत न्हाई. पर ज्येंच्या घरातला मानूस गेला त्येंचं दार ह्येच्या दारासमोरच हाय. सकाळी उठून दोघांनी एकमेकाचं तोंड कसं बघायचं?" अहवालाच्या नमुन्यात या उत्तरासाठी रकाना नव्हता. मी ते समासात लिहिलं.

या प्रश्नाला आपल्याच मुलखात, आपल्याच माणसांनी एक उत्तर देऊन ठेवलेलं आहे. ते औंध संस्थानातलं. संस्थान अवघं 72 गावांचं. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे आणि स्वतः उत्तम चित्रकार म्हणून लोकांना माहीत आहेत. त्यांच्याच आधाराने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंधच्या हद्दीतल्या माळावर कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. त्या वाडीच्या रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली होती. ज्यांच्या भीतीने लोक दाराला कडी लावत, त्यांच्याच हाती वाडीची रात्र सोपवली. पुनर्वसनावरच्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा मला ही नेमणूक मोठी वाटते, कारण तिच्यात दया नव्हती, काम होतं. माणसाला पगार मिळाला आणि त्याच्यावाचून अडेल अशी जागा मिळाली.

पुढचं पाऊल 1939 चं. त्या वर्षी बाळासाहेबांनी स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती दिली. औंधची स्वराज्याची घटना गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाली, कारभार गावपंचायतींकडे आला आणि साधे न्यायनिवाडेही गावातच होऊ लागले. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि त्यांचे स्नेही मॉरिस फ्रीडमन या साऱ्याच्या मागे उभे होते. फ्रीडमन पोलंडचे अभियंते. बंगळूरच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून ते भगवी वस्त्रं घालून औंधात येऊन राहिले, लोक त्यांना भारतानंद म्हणत. पुढे निसर्गदत्त महाराजांचे संवाद इंग्रजीत आणणारे ते हेच. गावाला स्वतःचा कारभार चालवता येतो असं एकदा मानलं की कैद्यालाही स्वतःला सांभाळता येईल, हे मानणं फार लांब राहत नाही. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंत नाही, गज नाहीत. कैद्याने शेत कसायचं आणि बायकोमुलांसह तिथेच राहायचं.

जागा कोणती निवडली हेही पाहायला हवं. आटपाडी म्हणजे पाऊस हुलकावणी देणारा मुलूख, मेंढरांचा आणि खिलार बैलांचा. आज तिथे डाळिंबाच्या बागा दिसतात, पण त्या काळी पाण्याच्या घोटासाठी राबणाऱ्या या रानात चार माणसं पिकवू लागली की ती शेजाऱ्यांच्या नजरेत भरायचीच. आणि आटपाडी हे गुन्हा घडलेलं गाव नव्हतं. समोरच्या दारात वैरी नव्हता. माझ्या त्या सरपंचांच्या प्रश्नाचा अर्धा निकाल इथेच लागतो: आपल्या गावी परतण्याआधी माणसाला दुसऱ्या एखाद्या गावात माणूस म्हणून वावरायची सवय व्हावी लागते. बाजारात भाजीचा भाव करावा, मुलाला शाळेत सोडावं, कुणी रामराम घातला तर वर बघून उत्तर द्यावं. चौदा-पंधरा वर्षं बराकीत काढलेल्या माणसाला यातलं शेवटचं सर्वांत अवघड जातं. मी ते पाहिलं आहे.

या वसाहतीची गोष्ट जगभर गेली ती पडद्यावरून. माणदेशातलेच ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली, व्ही. शांतारामांनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' काढला आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा सन्मान झाला. चित्रपट मला प्रिय आहे. तरीही तो एका जेलरच्या डोळ्यांचा चित्रपट आहे. प्रत्यक्षातल्या वसाहतीचा भार पेलला तो बायकांनी, असं माझं ठाम मत आहे. नवरा आत गेल्यावर सासरी-माहेरी बोलणी खाणारी बाई, सगळं मागे टाकून, कैद्याची बायको म्हणून परक्या गावात येते, चूल मांडते, त्याच्याबरोबर खुरपायला बसते. तिने यायला नकार दिला असता तर तिथे उरला असता फक्त शेतीचा तुरुंग. तिचा पुतळा कुणी उभारला नाही, चित्रपटही काढला नाही.

1948 साली औंध विलीन झालं. संस्थानाबरोबर त्याचे बरेच प्रयोग विरले, स्वतंत्रपूर टिकलं आणि राज्याच्या कारागृह खात्यात आलं. उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या पुढाकाराने धरणाच्या कामावर खुली शिबिरं सुरू झाली ती 1952 च्या सुमारास, राजस्थानातल्या सांगानेरला कुटुंबासह राहण्याची वसाहत झाली ती 1963 मध्ये. सर्वोच्च न्यायालयानेही 2017 साली तुरुंगांतल्या हालांवर निकाल देताना खुल्या कारागृहांचा विचार करा असं सुचवलं. म्हणजे औंधने फार आधी वाट दाखवली होती, आणि आपण महाराष्ट्रात तिच्यावर मोजकीच पावलं टाकली. येरवडा, पैठण इथे खुली कारागृहं आहेत. पण कुटुंबासह राहण्याची सोय आटपाडीसारखी गावोगाव का झाली नाही, याचं पटणारं कारण मला नोकरीभर कुणी दिलं नाही. जमीन नाही म्हणावं, तर मोठ्या तुरुंगांकडे एकरांनी शेती आहे.

सुटून आलेल्या माणसाची अडचण तीच आणि तितकीच जुनी आहे. शिधापत्रिकेवरून नाव गेलेलं असतं, भावाने सातबाऱ्यावर आपलं नाव चढवलेलं असतं, पंचक्रोशीत चोरी झाली की पहिला निरोप त्यालाच येतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून अशा माणसांना हात देतो आहे, पण आमच्या दुष्काळी तालुक्यांत तो हात गावानेच द्यायला हवा. ग्रामसेवकांनी त्याचे कागद एका खेपेत करून द्यावेत. आणि ज्यांची बाग आहे, गोठा आहे, कारखाना आहे, त्यांना माझी विनंती आहे की राखणीला किंवा कामाला माणूस हवा असेल तेव्हा जवळच्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे एकदा विचारा. नावं त्यांच्याकडे असतात.